दहावी ब आणि चोवीस क्रेडिट

१७ जून
आज आयुष्याला कलाटणी. स्टाफरूममध्ये एवढी माणसं बसलेली असताना भिंगारदिवे मॅडम (आमच्या प्रिन्सिपॉल) थेट माझ्याकडे आल्या आणि एक जाडजूड प्रिंटआऊट माझ्या हातात ठेवला. अमेरिकेत आपल्यासारखंच एक लुथरन मिशनचं हायस्कूल आहे, त्यांचं हे अकॅडेमिक प्लॅनिंगचं हँडबुक. ट्रस्टच्या ऑफिसातून आलंय. मॅडम म्हणाल्या, "काळे सर, तुमचे तास जरा कमी आहेत. एवढं वाचून एक पानभर सारांश द्या."
तास कमी हे निमित्त. सगळ्यांसमोर 'तुमच्याकडे व्हिजन आहे' असं कसं म्हणणार? बाकीच्यांना वाईट वाटेल.
गणिताच्या करिश्मा मॅडम हसल्या. हसू देत.
संकल्प : रोज पहाटे उठून हँडबुक.

१८ जून
उठलो नाही. पण हँडबुक उशाशी होतं. वातावरणनिर्मिती झाली.

२३ जून
हँडबुक वाचून पूर्ण (मथळे). थक्क झालो. तिकडे मुलं पास होत नाहीत, ग्रॅज्युएट होतात. त्यासाठी चोवीस क्रेडिट जमवायची. विषय पुरा केला की एक क्रेडिट. संगीत, परकीय भाषा, समाजसेवा, सगळ्याला क्रेडिट. मार्कांऐवजी ए, बी, सी, डी, एफ. त्या सगळ्याची सरासरी म्हणजे जीपीए. ज्याचा जीपीए सगळ्यात जास्त तो व्हॅलेडिक्टोरियन, त्यानं समारंभात भाषण करायचं. आणि आपल्याकडे? बोर्डाची परीक्षा, निरोप समारंभ, समोसा, मुलींचं रडणं. संपलं.
एवढी मोठी गोष्ट एका पानात बसवणं म्हणजे त्या गोष्टीचा अपमान. सारांश देणार नाही. थेट अंमलबजावणी.
अनिताला सांगितलं. ती कुरकुंभला औषध कंपनीच्या लॅबमध्ये आहे, सेकंड शिफ्टला निघाली होती. डबा भरता भरता म्हणाली, "यात तेजश्रीचं काय होणार?" तेजश्री आमची मुलगी, माझ्याच शाळेत, माझ्याच वर्गात, दहावी ब. मी म्हणालो, दौंड तालुक्यातली पहिली ग्रॅज्युएट ती होणार. तेजश्री म्हणाली, "पप्पा, बोर्डाला चालतं का हे?"
विचारांचा हा संकुचितपणा आईकडून आलाय.

१ जुलै
मॅडमची परवानगी मिळाली. शब्दशः : "करून बघा एका वर्गापुरतं, ॲक्टिव्हिटी म्हणून. पण बोर्डाच्या अभ्यासाला धक्का लागता कामा नये." म्हणजे पायलट प्रोजेक्ट. वर्ग दहावी ब. दारावर पाटी लावावी का, 'अकॅडेमिक प्लॅनिंग विभाग'? दार कुठलं, हा प्रश्न आहे. तूर्त माझ्या लॉकरवर लावली.

८ जुलै
हँडबुकचं मराठी भाषांतर तयार. मोबाईलनं केलं, मी देखरेख ठेवली. वर्गात वाटलं. तेजश्रीनं घरी आल्यावर पान नऊ उघडून दाखवलं : 'हिमवर्षाव झाल्यास शाळेची सुट्टी पहाटे रेडिओवरून जाहीर करण्यात येईल.' मी म्हणालो, नियम असा करावा की पन्नास वर्षं बदलायला लागू नये. हवामान बदलतंय. मी भूगोलाचा माणूस आहे.
करिश्मा मॅडमनी स्टाफरूममध्ये विचारलं, कानटोपी युनिफॉर्ममध्ये धरायची का.

१५ जुलै
हँडबुकात एक सुंदर कलम आहे, 'ड्रॉप-ॲड'. पहिल्या दोन आठवड्यांत पालकांच्या सहीनं विद्यार्थी एखादा विषय सोडू शकतो. मुलांना निर्णय घेण्याची सवय लागते. आज मुदत संपली. मुलांनी निर्णय घेतला.
अख्ख्या दहावी ब वर्गानं गणित सोडलं. उरल्या तिघी. त्यातली एक आमची.

१६ जुलै
सकाळी गेटवर बबनराव. कुरकुंभ रोडचे बागायतदार, सोसायटीचे डायरेक्टर, पृथ्वीराजचे वडील. म्हणाले, "सर, तुमच्याकडं गणित सोडता येतंय म्हनं. माझं बी सोडवून घ्या. मी आठवीतच सोडलंय, पर कुनी मान्यता दिली न्हाई."
त्यांना शांतपणे समजावलं. विषय आपल्या जीपीएतून सुटतो, बोर्डाचा पेपर द्यावाच लागतो. ते म्हणाले, "म्हंजी सोडलं बी, आन् सोडलं न्हाई बी."
अगदी बरोबर. इतक्या लवकर कल्पना समजलेले हे पहिलेच पालक.
करिश्मा मॅडम तिघींना शिकवत होत्या, बाकीचा वर्ग ग्राउंडवर. त्या भिंगारदिवे मॅडमकडे गेल्या. मॅडमनी सगळ्यांना वर्गात बसवलं. आता विषय सोडलेली मुलं विषयाला बसतात. प्रयोगात असं थोडंफार होतं.

४ ऑगस्ट
तेजश्रीसाठी वर्षभराचा रंगीत तक्ता केला. कुठलं क्रेडिट कुठल्या महिन्यात, सगळं त्यात. किचनच्या भिंतीवर चिकटवला. संध्याकाळी बघतो तर तक्ता फ्रीजच्या मागे. अनिता म्हणाली, फोडणी उडते म्हणून सरकवला. काळजी आहे तिला.
तेजश्रीला विचारलं, संगीत घेणार की समाजसेवा. म्हणाली, "पप्पा, मला सायन्सचे पेपर सोडवायचेत." मी म्हणालो, समतोल विकास. ती म्हणाली, बरं. तिचं 'बरं' म्हणजे संमती समजायला हरकत नाही.

११ सप्टेंबर
इलेक्टिव्हचे (निवडीच्या विषयांचे) ग्रेड भरले. पृथ्वीराजनं कमाल केली.
परकीय भाषा : भोजपुरी. वडिलांच्या शेडवर बिहारची माणसं आहेत, त्यांच्याकडून शिकला. तोंडी परीक्षा घेतली. तो पंधरा मिनिटं बोलला. मला एक अक्षर कळलं नाही, म्हणजे भाषा परकीय आहे हे सिद्ध. ए.
समाजसेवा : गणेश मंडळाचा मांडव घातला आणि उतरवला. ए.
ललित कला : त्याच मंडळाचा साउंड सांभाळला. ए.
रिलिजन : आमच्याकडे निम्मा वर्ग हिंदू, त्यामुळे सकाळच्या प्रार्थनेला उभं राहिलं की क्रेडिट. तो उभ्यानं झोपतो. पण उभा असतो. ए.
अशी मुलं पारंपरिक पद्धतीत मागे पडतात.

१९ सप्टेंबर
आज एक ऐतिहासिक नियम लिहिला. कोणत्याही शिक्षकानं स्वतःच्या पाल्याला ग्रेड देऊ नये. ते काम ग्रेडिंग कमिटी करेल. शाळेत उद्या कोणी बोट दाखवायला नको की काळे सरांनी मुलीला मार्क वाढवले. तेजश्रीचा भूगोलाचा पेपर न बघता पाकिटात घालून सील केला. लाख नव्हती, मेणबत्ती वापरली.
कमिटी : अध्यक्ष मी. सदस्य करिश्मा मॅडम (नाही म्हणाल्या) आणि कॉम्प्युटरचे सुरज सर (निवडणूक ड्युटीवर).

६ ऑक्टोबर
तेजश्रीनं विचारलं, "पप्पा, भूगोलात किती पडले?" सांगितलं, प्रक्रिया चालू आहे.

२२ ऑक्टोबर
दिवाळीला गावी, निमोण्याला. तेजश्रीनं पुन्हा विचारलं. प्रक्रिया चालू आहे. आबा (माझे वडील) अंगणात बसले होते, म्हणाले, "आरं, बापच मास्तर, आन् पोरगी म्हैनाभर मार्क इचारतीय?" त्यांना कॉन्फ्लिक्ट ऑफ इंटरेस्ट समजावून सांगितलं. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मंग दुसऱ्या मास्तरला तपासाय दे की."
खेड्यात सगळं सोपं वाटतं.
संकल्प : गेल्या गेल्या कमिटीची बैठक.

२८ नोव्हेंबर
बैठक बोलावली. हजर : अध्यक्ष. कोरम नाही. तहकूब.

१२ डिसेंबर
ग्रॅज्युएशन डेची नोटीस लावली. 'सर्वोत्कृष्ट विद्यार्थी व्हॅलेडिक्टोरियन म्हणून निवडला जाईल.' दुपारपर्यंत गावात बातमी, शाळा व्हॅलेंटाईन निवडणार. चार पालक तावातावानं आले. बबनराव पुढे. "सर, मिशनची शाळा म्हनून ईश्वासानं पोरं घातली आमी." मी फळ्यावर स्पेलिंग लिहून दाखवलं. त्यांनी वाचलं, आणखी चिडले. शेवटी भिंगारदिवे मॅडमनी चहा पाजून पाठवलं. मला म्हणाल्या, "सर, हे आटोक्यात आहे ना?"
पूर्ण आटोक्यात, म्हणालो. त्यांच्या नजरेत कौतुक होतं. किंवा तसंच काहीतरी.

२० जानेवारी
सुरज सरांनी एक्सेलमध्ये सगळे ग्रेड घातले. बटण दाबलं की पात्र-अपात्र याद्या आपोआप. मी यादी मुद्दाम पाहिली नाही. निःपक्षपातीपणा म्हणजे निःपक्षपातीपणा. फाईल थेट फ्लेक्सवाल्याकडे. फक्त माझा फोटो वेगळा पाठवला.

२४ जानेवारी
पालकसभा. फ्लेक्स गेटवर लागला. वर डावीकडे मी, हात जोडून. फोटो थोडा मोठा आलाय, पण ती फ्लेक्सवाल्याची श्रद्धा. खाली 'व्हॅलेडिक्टोरियन : पृथ्वीराज'. मग पात्र विद्यार्थी. मग लाल अक्षरात 'ग्रॅज्युएशनसाठी अपात्र'.
बबनराव मोठ्यानं वाचत होते. पोराचं नाव पहिलं बघून त्यांचाच विश्वास बसेना. मग लाल यादीवर आले आणि थांबले. माझ्याकडे वळून म्हणाले, "सर, ही तेजश्री काळे दुसरी कुनी का?"
दुसरी कोणी नव्हती.
तेजश्री माझ्या मागेच उभी होती. तिनं यादी वाचली. मग सायकल काढली आणि गेली. काही बोलली असती तर उत्तर देता आलं असतं.
कारण तपासलं. भूगोलाचा रकाना मोकळा. मोकळा म्हणजे शून्य, शून्य म्हणजे एफ. एफ असेल तर ग्रॅज्युएशन नाही. हँडबुक पान एकतीस. म्हणजे सिस्टिमनं बरोबर काम केलं. हे एका अर्थी समाधान आहे.

२४ जानेवारी, संध्याकाळ
अनितानं ताट वाढलं आणि समोर बसली. म्हणाली, "पेपर कुठंय?" मी म्हणालो, कमिटीकडे. "कमिटी कुठंय?" मी म्हणालो, सध्या तरी मीच. "मग तपासा." मी म्हणालो, तसं करता येत नाही, नियम आहे. "नियम कोणाचा?"
ती रोज लॅबमध्ये सॅम्पल तपासते. तिला वाटतं सगळंच तपासलं की होतं.
आत तेजश्रीच्या खोलीत दिवा चालू. दार लोटलेलं. दोनदा दारापर्यंत गेलो. अभ्यासात व्यत्यय नको म्हणून परत आलो.

२५ जानेवारी
रविवार. चर्चमधली उपासना संपल्यावर भिंगारदिवे मॅडमनी ऑफिसात बोलावलं. फ्लेक्स उतरवला होता, त्यांच्या टेबलाशेजारी गुंडाळून उभा होता. गुंडाळीतून माझं अर्धं तोंड बाहेर.
म्हणाल्या, "काळे सर, मी तुम्हाला हँडबुक वाचायला दिलं होतं." मी म्हणालो, हो. "लागू करायला नव्हतं दिलं." मी म्हणालो, पायलट प्रोजेक्ट. त्या म्हणाल्या, "त्या शाळेत प्रत्येक मुलामागे एक माणूस बसतो आणि वर्षभर विचारतो, बाळा तुझं कुठं अडतंय. हँडबुकाच्या पहिल्याच पानावर लिहिलंय. तो भाग तुम्ही केलात का?"
ते पान प्रस्तावनेचं होतं. प्रस्तावना मी साधारणपणे वाचत नाही.
त्यांनी पाकीट मागितलं. मेणबत्तीचं सील खिळ्यानं काढलं आणि माझ्यासमोर पेन ठेवलं. तपासला. चाळीसपैकी अडतीस. नकाशा तर इतका सुबक की क्षणभर बघत राहिलो. भीमेचं वळण दौंडपाशी जसं आहे तसं काढलेलं. अर्थात शिकवणारा कोण?

३१ जानेवारी
ग्रॅज्युएशन डे. (मॅडमच्या पत्रिकेत 'निरोप समारंभ'.) पाद्रीसाहेबांनी प्रार्थना केली. मी याद्या घेऊन माईकपाशी गेलो, तर मॅडमनी माईक हळूच आपल्याकडे घेतला आणि हजेरीपट उघडला. रोल नंबर एकपासून सगळी मुलं एकेक करून वर. सगळ्यांना पेन आणि गुलाब. पात्र, अपात्र, सगळी एकाच रांगेत. शैक्षणिकदृष्ट्या हा गोंधळच.
भाषण तेवढं ठेवलं होतं. पृथ्वीराज उभा राहिला, नवा शर्ट, कान लाल. म्हणाला, "मला हे जे काय पैलं आलं म्हनत्यात, ते खरं न्हाई. मला गणित येत नव्हतं. मी सोडलं तवा लई भारी वाटलं. मग घाम फुटला. तेजश्री रोज मधल्या सुट्टीत मला न् आनखी सहा जनांला शिकवती. डबा पन अर्धाच खाती. बोर्डात पास झालो तर तिच्यामुळं."
लोक टाळ्या वाजवायचे थांबेनात. बबनराव डोळे पुसत होते. करिश्मा मॅडमही.
मला यातलं काहीच माहीत नव्हतं. समाजसेवेचं क्रेडिट तिनं मागितलंच नाही. मागायला हवं होतं. फॉर्म लॉकरमध्येच होते.

२१ फेब्रुवारी
बोर्डाची परीक्षा सुरू. तेजश्रीला सेंटरवर सोडायला मी जाणार होतो. अनिता नाईट करून आली आणि तशीच गाडी काढून घेऊन गेली. मी गेटपर्यंत गेलो. टाटा केला. बहुतेक दिसला असावा.

१३ मे
निकाल! तेजश्री शाळेत पहिली. भूगोलात सगळ्यात जास्त. पृथ्वीराज गणितात पास, काठावर. बबनरावांनी आमच्या अख्ख्या कॉलनीला पेढे वाटले आणि पहिला पेढा आमच्या घरी तेजश्रीला.
लोकल केबलवाला मुलाखतीला येणार म्हणून ब्लेझर घातला. उकडत होतं. त्यानं तेजश्रीला विचारलं, यशाचं श्रेय कोणाला. ती म्हणाली, मम्मीला आणि करिश्मा मॅडमना. मी जरा पुढे सरकलो. केबलवाल्याच्या लक्षात आलं, त्यानं विचारलं, आणि पप्पांना? पप्पा तर ह्याच शाळेत सर आहेत.
तेजश्री माझ्याकडे बघून हसली. गोड हसली, टोमणा नव्हता. म्हणाली, "पप्पांना खूप काम होतं."
ही जाणीव मुलांत क्वचित असते.

२ जून
अकरावीसाठी नवीन प्लॅन तयार केला. आमच्याच शाळेचं ज्युनिअर कॉलेज, सायन्स. सकाळी माझ्याबरोबर यायचं, संध्याकाळी माझ्याबरोबर परत. दोन वर्षांत रोज किती वेळ मिळेल! या वेळी तक्ता नाही, नुसतं बोलायचं. रविवारी तिला दाखवतो.

७ जून
रविवार. प्लॅन दाखवायला गेलो. तिची बॅग भरून ठेवलेली. मी विचारलं, मामाकडे निघालीस का सुट्टीला? अनिता आतून म्हणाली, तिनं ऑनलाइन फॉर्म भरलाय, पहिली पसंती शिरूर. मावशीकडे राहील. फॉर्म कधी भरला? गेल्या महिन्यात. मला का नाही सांगितलं? अनिता भाजी परतत राहिली.
शिरूरचं कॉलेज चांगलंच आहे. निमोणे तिथून जवळ. आबांना भेटता येईल. मावशी प्रेमळ आहे. स्वतंत्र निर्णयक्षमता विकसित व्हावी असं आपलंही मत आहेच. हे सगळं मी मोठ्यानं बोललो. दोघी ऐकत होत्या.
मग तेजश्रीला सहज विचारलं, आपल्या शाळेत काय कमी होतं?
ती बॅगेची चेन लावत होती. म्हणाली, "काही नाही पप्पा. तिथं पेपर कोणीतरी तपासेल."
रागानं नाही म्हणाली. साधं म्हणाली, जसं एखादा बसची वेळ सांगतो.
जेवायला बसलो. आमटी गार झाली होती. गरम करू का, अनितानं विचारलं. नको म्हणालो.